माझ्या चार्जरचा आक्षेप

“तुमचं पूर्ण नाव दहा वेळा लिहा,” डॉक्टर सान्याल म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मी लिहिलं. पहिली ओळ झकास आली. पाचव्या ओळीपर्यंत अक्षर निम्मं झालं आणि दहाव्या ओळीतलं माझं आडनाव मलाच वाचता येईना. “याला मायक्रोग्राफिया म्हणतात,” ते म्हणाले. म्हणजे लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जाणं. मग त्यांनी माझं मनगट हलवून पाहिलं, मला खोलीत चालवलं, बोटं टिचकीसारखी उघडमीट करायला लावली आणि शांतपणे सांगितलं, “पार्किन्सन्स आहे.”

खरं सांगते, मला आधी राग आला. भीती घरी पोचल्यावर वाटली. मी त्रेपन्न वर्षांची होते. बाहेर आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, “अहो, दहा ओळींवरून आजार ठरवतात का कुठे?”

“तू दोन ओळी वाचून लोकांचे अर्ज परत पाठवतेस, तेव्हा?” हे म्हणाले.

मी सरकारी नोकरीत पेटंट तपासते. नवा शोध लावल्याचा दावा करणाऱ्यांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि त्यांत काय चुकतंय, काय आधीच कुणी केलेलं आहे, हे शोधून आक्षेप नोंदवणं हे माझं काम. माझ्याकडे वैद्यकीय उपकरणं असतात. शरीरात बसवायची यंत्रं, ती बिघडू नयेत म्हणून केलेली सोय, तापमान मोजणारे सेन्सर, असलं सगळं. बदलीनं कोलकात्याला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. हे खिदिरपूरच्या गोदीत अभियंता आहेत आणि आम्ही बेहालाला राहतो.

हे लिहितेय ते ज्यांच्या हातात नुकताच असा कागद पडला असेल त्यांच्यासाठी. औषधं लागू पडतात. माझी पहिली चार वर्षं गोळ्यांवर बरी गेली. मग गोळीचा असर संपला की अंग लाकडासारखं व्हायचं. साडीच्या निऱ्या ह्यांच्याकडून करून घ्यायची पाळी आली, आणि त्या माणसाच्या निऱ्या म्हणजे काय सांगू! पण मला सगळ्यात जास्त लागलं ते सहीचं. आमच्या कार्यालयात बरंचसं काम संगणकावर चालतं, तरी बँकेत, घराच्या कागदांवर, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही लागतेच. बँकेतली बाई एकदा म्हणाली, “ही सही जुळत नाही, मॅडम.” मी तिथेच रडले.

डॉक्टरांनी डीप ब्रेन स्टिम्युलेशन सुचवलं. मेंदूत ठरावीक जागी दोन बारीक तारा बसवतात, त्या मानेच्या कातडीखालून खाली आणतात आणि गळ्याच्या हाडाखाली एक चपटी बॅटरी ठेवतात. तिला पल्स जनरेटर म्हणतात. ती विजेचे बारीक झटके पाठवत राहते आणि कंप, ताठरपणा कमी होतो. आजार जात नाही, पण रोजचं जगणं परत मिळतं.

शस्त्रक्रियेचा बराच भाग मी जागी होते. घाबरू नका, डोक्याला भूल देतात, दुखत नाही. मध्येच डॉक्टर म्हणाले, “आता लिहा.” समोर कुणीतरी पाटी धरली. मी नाव लिहिलं आणि आडनावाच्या शेवटापर्यंत अक्षर तेवढंच राहिलं. “अजून एकदा लिहू का?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “दीदी, पुरे, आम्हाला टाकेही घालायचेत.”

माझी बॅटरी चार्ज कराव्या लागणाऱ्या प्रकारची होती. दर गुरुवारी आणि रविवारी. बशीएवढा चार्जर पट्ट्यानं छातीवर बांधायचा आणि तासभर बसायचं. तार वगैरे काही आत जात नाही, कातडीवरूनच चार्ज होतं. चार्जर तापून कातडी भाजू नये म्हणून त्याच्या अंगाकडच्या बाजूला तापमानाचा सेन्सर असतो. मर्यादेच्या वर गेलं की तो स्वतःहून थांबतो आणि टिंग टिंग करतो. उपकरणाचं काम बघणारी मौमिता नावाची तंत्रज्ञ मुलगी मला हे समजावू लागली, तेव्हा मी तिला मध्येच थांबवून पुढचं सगळं स्वतःच सांगितलं.

पाच महिने उत्तम गेले. मी पुन्हा मेट्रोनं फिरू लागले, निऱ्या स्वतः घालू लागले, बँकेत जाऊन ठसठशीत सही करून आले.

मग मे महिन्यात चार्जर थांबायला लागला. दहा मिनिटं झाली की टिंग टिंग. पुन्हा लावला की पुन्हा थांबायचा. मी एसी लावला, तरी तेच. माझं निदान तयार होतं. हे यंत्र थंड देशातल्या लोकांनी, थंड देशातल्या लोकांसाठी बनवलंय. कोलकात्याचा उकाडा त्यांच्या हिशेबातच नाही.

“या उकाड्यात माणसं थांबतात, यंत्र थांबलं तर एवढं काय?” हे म्हणाले. “मौमिताला फोन कर.”

फोन कसला! मी कंपनीला पत्र लिहिलं. आक्षेप पहिला, तापमानाची मर्यादा अवास्तव. आक्षेप दुसरा, उष्ण हवामानाचा विचार केलेला नाही. असे सात आक्षेप, क्रमांक घालून, अगदी कार्यालयात काढते तसे. उत्तर येईपर्यंत मी स्वतःच तोडगा काढला. बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून चार्जरवर ठेवायची. चार्जर मुकाट्यानं तासभर चालला. मला इतका आनंद झाला की मी ह्यांना बोलावून दाखवलं.

छातीवर थोडी लाली आली होती. खाज होती. या दिवसांत इथे कुणाला घामोळं नसतं? मी पावडर लावली. असे तीन आठवडे गेले.

माझं पत्र फिरत फिरत शेवटी मौमिताकडेच आलं. तिचा फोन आला. एकाही आक्षेपाबद्दल ती बोलली नाही.

“दीदी, चार्जर बाजूला ठेवा. बॅटरीवर तळहात ठेवा. आता तसाच दुसऱ्या बाजूला ठेवा. फरक वाटतो?”

मी ठेवला. बॅटरीच्या बाजूला कातडी तव्यासारखी गरम होती. दुसरी बाजू गार. मी ह्यांना हात लावायला सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी टोमणा मारणारा माणूस थेट टॅक्सी बोलवायला लागला.

त्याच दिवशी रक्त तपासलं. सीआरपी वाढलेलं होतं, म्हणजे शरीरात कुठेतरी सूज किंवा जंतुसंसर्ग आहे. सोनोग्राफीत बॅटरीभोवती पाणी दिसलं. त्यातलं थोडं सुईनं काढून कल्चरला पाठवलं, म्हणजे कोणते जंतू वाढतात ते बघायला. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं चार तास बसलो. ह्यांनी तीनदा चहा आणला आणि तीनदा तो गार झाला.

डॉक्टर सान्याल बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. “बॅटरीच्या खोबणीत संसर्ग आहे. ती काढावी लागेल. प्रश्न तारांचा आहे. जंतू तारेवरून वर चढले असतील तर डोक्यातल्या ताराही काढाव्या लागतील. मग पुन्हा बसवता येतील की नाही, आज सांगू शकत नाही.”

म्हणजे ती सही गेली. निऱ्या गेल्या, मेट्रो गेली. मी विचारलं, “म्हणून चार्जर थांबत होता का?”

“कातडी आधीच तापलेली होती. त्यावर चार्जरची थोडी भर पडली की मर्यादा ओलांडायची.” मग ते म्हणाले, “त्यानं तुम्हाला तीन आठवडे आधी सांगितलं होतं, दीदी.”

वॉर्डात पडल्या पडल्या मला एक जुनी फाइल आठवली. दुसऱ्याच कंपनीचा, असल्याच चार्जरचा अर्ज. मी आक्षेप घेतला होता की सेन्सर अंगाच्या बाजूला कशाला, यंत्राच्या आत का नाही? त्यांचं उत्तर आलं होतं की यंत्र किती तापलं एवढंच कळून भागत नाही, रुग्ण किती तापला हेही कळायला हवं. मला ते पटलं होतं. पेटंट मंजूर झालं, खाली सही माझी. मीच मान्य केलेली गोष्ट माझ्याच छातीवर आली तेव्हा मी तिच्यावर बर्फ ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बॅटरी काढली. शुद्धीवर आले तेव्हा हे समोर होते. “तारा वाचल्या,” ते म्हणाले आणि तोंड फिरवून रडले. मीही रडले, पण नळ्या लावलेल्या असल्यामुळे मला नीट रडताही येईना.

पुढचे चार महिने कठीण होते, लपवत नाही. शिरेतून प्रतिजैविकं, वाढवलेल्या गोळ्या, पुन्हा लाकडासारखं अंग, पुन्हा ह्यांच्या निऱ्या. मी रोज वहीत नाव लिहायचे आणि अक्षर रोज बारीक व्हायचं. पण तारा आत शाबूत होत्या आणि मी वाट बघायला तयार होते. दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यावर, या वेळी डाव्या बाजूला, नवी बॅटरी बसवली. सुरू केली त्या दिवशी मौमिता होती. मी तिला म्हटलं, “चार्जरचं सगळं पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.” तिनं सांगितलं. मी दोनदा बोललेच, पण फक्त प्रश्न विचारायला.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगात असं यंत्र असेल तर एवढंच करा. चार्जर लावण्याआधी तळहात ठेवा, दोन्ही बाजूंना. आरशात बघा. लाली, सूज, ऊब, काहीही वाटलं तर पावडर नको, डॉक्टर. आणि यंत्र थांबलं तर आपल्या हुशारीनं त्याला चालू ठेवू नका. बनवणाऱ्यांनी डोकं चालवलेलं असतं. त्या अनोळखी माणसांचे, डॉक्टरांचे आणि मौमिताचे माझ्यावर उपकार आहेत.

गेल्या रविवारी चार्जर पुन्हा थांबला. टिंग टिंग. हे वर्तमानपत्र टाकून धावत आले. तळहात ठेवला, त्यांनीही ठेवला, आरसा आणला. कातडी गार, लाली नाही. मी खिडकीतल्या उन्हात बसले होते, बस्स. मी उठून आतल्या खोलीत गेले, वीस मिनिटं थांबले, पुन्हा लावला. या वेळी तो पूर्ण तासभर चालला.

मग वही काढून तारीख टाकली आणि मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं, “चार्जरचा आक्षेप मान्य.” खाली पूर्ण सही केली.