कुमुदताईंची सीट

फोन आला तेव्हा मी गवत कापत होते. बरगी रोडवरच्या आमच्या लॉनवर त्या संध्याकाळी लग्न होतं, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी हिरवळ कापलेलीच हवी, हा माझ्या नणंदेचा, कुमुदताईंचा, हुकूम. त्या स्वतः इस्पितळात होत्या, पण हुकूम जागेवरच होता. माझा फोन ऑफिसात राहिलेला. वॉचमन रामकिसन तो हातात धरून धावत आला, तशी मी सीटवरून उठले आणि मशीन आपोआप बंद पडलं. मग एकदम इतकं शांत झालं, की फोन कानाला लावायच्या आत भाच्याचा, अभयचा, आवाज ऐकू आला. "मामी, आई गेली..." मी लॉनकडे पाहिलं. अर्धं कापलेलं, अर्धं वाढलेलं. रामकिसन रडायला लागला. मी परत सीटवर बसले, उरलेलं गवत कापलं आणि मग इस्पितळात गेले. लोकांना हे विचित्र वाटलं असेल, वाटू दे. अर्धं लॉन टाकून गेले असते, तर ताईंनी मला कधी माफ केलं नसतं.

कुमुदताई माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमचं मूळ घर वर्ध्याकडचं, पण सासरे कारखान्याच्या नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. ताईंनीही संरक्षण कारखान्यात, तपासणी विभागात, सगळी नोकरी काढली. समोर आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवायचं काम. ती सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की घरी आलेल्या मुलीच्या स्थळापासून भाजीवाल्याच्या वांग्यापर्यंत सगळं त्या उलटून-पालटून पाहायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही त्यांनी तसंच पाहिलं असणार. "भरपूर आहे," एवढंच म्हणाल्या म्हणे. माझ्या जाडीवरून त्यांनी मला आयुष्यभर छळलं, आणि मीही त्यांना सोडलं नाही. आमचं सख्य त्या छळातूनच झालं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बरगी रोडवरच्या जमिनीवर मॅरेज गार्डन काढलं. शामियाना, कॅटरिंग, गाड्यांची व्यवस्था हे सगळं त्यांनी माणसांवर सोपवलं, हिरवळ मात्र स्वतःकडे ठेवली. रिछाईतला एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथलं बसून चालवायचं गवत कापायचं मशीन त्या घेऊन आल्या. छोट्या ट्रॅक्टरसारखं, पोटाखाली फिरणारी पाती. सलवार-कमीज, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी, अशा त्या मशीनवर बसून लॉनवर फेऱ्या मारायला लागल्या, की मांडववाले हातातलं काम सोडून बघत राहायचे.

मशीन जुनं, त्यामुळे आठवड्याआड कधीतरी किल्ली फिरवली की ढिम्म. मग ताईंना खरा हुरूप यायचा. त्यांच्याकडे स्कूटरच्या इंडिकेटरचा एक बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. तो लावून करंट कुठपर्यंत पोचतो ते त्या बघत पुढे सरकायच्या. आधी बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर धरला असेल, तर गरम पाणी ओतून साफ. मग फ्यूज. मग ब्रेकच्या पेडलखालचा स्विच, कारण ब्रेक दाबल्याशिवाय ते मशीन सुरूच होत नाही. मग पाती जोडायचा-सोडायचा दांडा. "काहून घाई करून राहिली?" मी मध्ये बोलले की त्या म्हणायच्या, "करंट जिथवर आला तिथवर सगळे निर्दोष. पुढच्याला पकड." एकदा मात्र सगळ्यांना सकाळभर फैलावर घेतल्यावर असं निघालं, की पात्यांचा दांडा त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी चालू ठेवला होता. पाती जोडलेली असली की मशीन सुरू होत नाही. ताईंनी दांडा खाली केला, किल्ली फिरवली आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या. ती गोष्ट मी त्यांना पुढे कितीदा ऐकवली, विचारू नका.

सगळ्यात शेवटी सीटखालचा स्विच. माणूस सीटवर बसला की त्याच्या वजनाने स्प्रिंग दबते, स्विच लागतो आणि मगच इंजिनाला परवानगी मिळते. माणूस उठला किंवा पडला, की सगळं बंद. पाती कुणाच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून ती सोय.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ताई बारीक दिसायला लागल्या. लग्नाला येणाऱ्या बायका त्यांचं कौतुक करायच्या, योगा करता का म्हणून विचारायच्या. ताई खूश. मी मात्र त्यांना सैल झालेल्या कपड्यांना टिपा मारताना पाहिलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "सीझन होऊ दे" म्हणाल्या. पुन्हा म्हटलं, तर "तू आपलं वजन पाह्य" म्हणाल्या. कारखान्याचा माल परत पाठवणाऱ्या बाईला, तुमच्यात दोष आहे, हे कुणी सांगायचं?

अशात एका सकाळी मशीन सुरू होईना. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, ब्रेक, पाती सगळं ठीक. राहिली सीट. "स्प्रिंग कडक झाली असेल, नाहीतर स्विच गेला," ताई म्हणाल्या. ओमतीहून शकीलभैया मेकॅनिक आले, त्यांनी नवा स्विच बसवला. ताई बसल्या, किल्ली फिरवली. काही नाही.

"दीदी, स्विच डायरेक्ट कर देता हूँ," शकीलभैया म्हणाले. "सब यही करते हैं."

"नहीं भैया. मैं गिर गई तो मशीन को कैसे पता चलेगा?" मग माझ्याकडे वळल्या. "सुधा, तू बस."

"मी? मोडन ना ताई."

"मोडू दे. बस न."

मी बसले. ताईंनी बाजूने हात घालून किल्ली फिरवली आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. शकीलभैया हसले, मीही हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मशीन बंद केलं, मला उठवलं, स्वतः बसल्या, किल्ली फिरवली. काही नाही. मला पुन्हा बसवलं. सुरू. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं... एक भाग काढायचा, दुसरा लावून पाहायचा, आणि चाललं की काढलेला भाग बाजूला ठेवायचा.

"स्विच बरोबर आहे," ताई म्हणाल्या. रुमालाला हात पुसले. "मीच कमी भरून राहिली. चाल, गाडी काढ. डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी लक्षात आला? ताईंनी सांगितलं, मशीन सुरू झालं नाही तेव्हा. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. आजार पुढे गेलेला होता, पण उपचारांना जागा होती, आणि त्या उपचारांनी ताईंना आणखी एक पूर्ण सीझन दिला. तो त्यांनी खुर्चीत बसून, मला मशीन शिकवण्यात आणि माझ्यावर ओरडण्यात घालवला. पण त्यांना स्वतःला एकदा चालवायचं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला मात्र कळत होतं. पुण्याहून आलेल्या अभयने सुचवलं, "आई, सीटवर बाजूला खताचं पोतं ठेवू, सुरू होईल." ताई म्हणाल्या, "मी पडीन रे, पोतं थोडीच पडन? पाती चालूच राहतीन मग."

शेवटी त्यांनी शकीलभैयांना बोलावून घेतलं आणि रिछाईतून वेगवेगळ्या मऊ स्प्रिंगा बनवून आणवल्या. पहिली लावली, मशीन सुरू झालं. पण ताई उठल्या तरी चालूच राहिलं, म्हणून ती नापास. दुसरी घातली. ताई बसल्या, सुरू. उठल्या, बंद. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. "पास," म्हणाल्या आणि टोपी मागितली. स्टेजसमोरचा सगळा पट्टा त्यांनी एकटीने कापला. मी बाजूने चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. गवताची रेघ सरळ ठेवायची होती त्यांना.

आता त्या नाहीत, आणि मला त्यांची आठवण रोज येते, अगदी रोज. मागच्या आठवड्यात शकीलभैया तेल बदलायला आले होते. मी बसले की सीट पार खाली टेकते, खड्ड्यात गेलं की कमरेला दणका बसतो, हे त्यांनी पाहिलं. "भाभी, पुरानी स्प्रिंग लगा दूँ? ये तो दीदी के हिसाब की है." मी नको म्हटलं. कंबर दुखली तर दुखू दे. हल्ली मशीनवर बसण्याआधी मी सीटवर नुसता तळहात ठेवून दाबते. फार जोर लावावा लागत नाही. थोडी दाबली की आत स्विच टक् करतो. शेवटी ताई तेवढ्याच राहिल्या होत्या.