तक्त्यातलं मुरबाड

किस्से काय ठरवून जमत नाहीत हो. एसटीला उशीर होतो, तोवर मुरबाडच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये बसावं लागतं, आणि बसलं की समोर भोईर सर असतात. मग काय, साठणारच!

सर अर्थशास्त्र शिकवतात. अकरा वर्षं पीएचडी करत होते. विषय: समाजवाद सोडलेल्या देशांच्या आर्थिक-सामाजिक निर्देशांकांची तुलना. स्वतः कल्याणच्या पुढे फारसे गेलेले नाहीत, पण बल्गेरियात साक्षर किती ते विचारा, तोंडपाठ! यंदा मात्र शेवटची मुदतवाढ होती. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडकले की नोंदणी रद्द, अकरा वर्षं पाण्यात. सरांची झोप उडाली होती, आमचीही.

*

सर सांगत होते, "समाजवाद गेल्यावर बल्गेरियातून इतके लोक बाहेर गेले की गावं ओस पडली."

आमचा शिपाई पांडूमामा म्हणाला, "आमच्या गावाचंबी तेच. सकाळी पाचला गाव खाली."

"पण संध्याकाळी परत येतात ना? मग ते स्थलांतर नाही."

"सर, नुसतं झोपाया येतात. त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हनतात?"

सरांनी तीन पुस्तकं चाळली. अजून चाळतायत!

*

पुतण्यासाठी मुलगी बघायला सर शेणव्याला गेले, मीही होतो. हातात पोह्यांची बशी, आणि सर मुलीच्या वडिलांना विचारतात, "गावात डॉक्टर किती?"

"एक येतो. दर गुरुवारी."

सर लागले कामाला. दर हजारी आकडा काढला, सातानं भागला. म्हणाले, "काठावर का होईना, पास!"

"पन सर, तो गुरांचा हाय."

सरांनी पोहे संपवले. सोयरीक जमली, निर्देशांक पडला.

*

स्टाफरूमच्या भिंतीवर सरांनी तक्ता लावला: पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, एस्टोनिया. चहा ठेवता ठेवता मामानं विचारलं, "आपलं मुरबाड कुठं बसतं यात?"

झालं! सर पेटले. खाली एक ओळ वाढवली, आठवडाभर खपून सगळे रकाने भरले. रेल्वेच्या रकान्यात लिहिलं, "येणार आहे."

"कधीपासून येनार हाय, ते बी लिवा," मामा म्हणाला.

रकाना पुरला नाही!

*

तोच तक्ता प्रबंधात गेला, आणि ती ओळ काढायची राहिली. प्रबंध छापून, बांधून परीक्षकांकडे गेला, तेव्हा सरांच्या लक्षात आलं.

व्हायव्हा आमच्याच कॉलेजात. परीक्षक बाहेरगावचे. कल्याणला उतरून "मुरबाडची लोकल कुठून?" असं विचारत तासभर फिरले, मग जीपच्या मागच्या बाकड्यावर पाचवे कोंबून आले. तोंड लालबुंद! सर उगाच पुन्हा पुन्हा खुर्च्या पुसत होते. मला तर रडू यायचं बाकी होतं.

परीक्षकांनी खूण घातलेलं पान उघडलं. "पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, एस्टोनिया... आणि यांच्यात मुरबाड काय करतंय?"

सरांनी गाईड मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पंख्याकडे.

चहा घेऊन आलेला पांडूमामा म्हणाला, "गाडीची वाट बघतंय, साहेब."

परीक्षकांनी चष्मा काढला. शर्टावरची धूळ झटकली. मग पेन उघडून कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही केली.

"डॉक्टर भोईर," ते म्हणाले, "ती ओळ काढू नका. आणि मला आता कल्याणला जायला काय मिळेल?"