भिंगकाकांची स्वच्छ पट्टी

जनावरांच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसते. माझ्या मागच्या खोलीत सव्वीस वर्षं भिंगकाका बसत. कुत्र्यामांजरांची शी काचेच्या पट्टीवर घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि जंतांची अंडी आहेत की नाहीत ते चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच त्यांचं काम. पण रुबाब असा, की डॉक्टरबाईंनीही त्यांच्या खोलीत दार वाजवून जावं. ‘दिसल्याशिवाय औषध नाही,’ हे त्यांचं पालुपद. चिठ्ठी न आणता कुणी जंताचं औषध मागितलं, की आतूनच ओरडत, “विष आहे ते, सरबत नव्हे!”

माणूस हेकट होता, पण मला आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मूलबाळ नाही. घरात उरली काकूंची कुत्री. काकू तिला ‘बाईसाहेब’ म्हणत, म्हणून काकाही म्हणू लागले. आठव्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा काका चक्क हसताना दिसले. “हिचं आता वय झालं,” मला म्हणाले. “एक पिल्लू ठेवून घेतो. ही गेल्यावर दार उघडलं की धावत यायला कुणीतरी हवं ना घरात.” बाईसाहेबांची पट्टी ते दर महिन्याला बघत. कायम स्वच्छ.

चार पिल्लं झाली. पंधराव्या दिवशी मी जंताच्या औषधाची बाटली पुढे केली. “काका, डॉक्टरबाई सगळ्याच पिल्लांना आता देतात. न्या.”

“पिल्लांची पट्टी बघितली. आईचीही बघितली. एक अंडं नाही.”

“पोटं कशी आहेत?”

“टम्म. दूध पितात भरपूर.”

जंत झालेल्या पिल्लांची पोटंही अशीच फुगतात, हे मला ठाऊक होतं. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं, नेमकं त्या दिवशी बंद राहिलं. त्याचा राग मला अजून येतो.

दोन दिवसांनी एक पिल्लू गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. काका दोन्ही टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि आधी स्वतःच्या खोलीत गेले. तिथे पुन्हा पट्टी केली. पुन्हा स्वच्छ. मग डॉक्टरबाईंनी टेबलावर एकाचं पोट उघडलं. आतडं पांढऱ्या, पीळदार जंतांनी गच्च भरलं होतं, मोरीच्या जाळीत केस अडकावेत तसं.

“काका, या अळ्या आईच्या मांसात झोपलेल्या असतात,” डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिला दिवस गेले की जाग्या होतात. नाळेतून पिल्लांत जातात, दुधातूनही जातात. मग जंत अंडी घालायच्या वयाचे होण्याआधीच पिल्लू दगावतं. पट्टीवर दिसणार कुठून?”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “शिकाऊ मुलांना मीच सांगतो हे.”

 मी बाटली त्यांच्या हातात कोंबली आणि त्यांच्याबरोबर घरी गेले. उरलेल्या दोघांना थेंब थेंब औषध पाजलं. पण अंगात जीव होता कुठे? एकानं ते ओकून टाकलं. दुपारपर्यंत दोन्ही थंड पडली.

काकांनी टोपली उचलून बाहेर ठेवली. बाईसाहेब घरभर हुंगत फिरल्या. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग येऊन काकांच्या पायाशी आडव्या झाल्या आणि पोट उघडं टाकलं. आचळं दुधानं तटतटली होती, खालची फरशी ओली होत होती.

काका तिच्याशेजारी खाली बसले. चष्मा काढून बाजूला ठेवला.

“मी बघितलं होतं गं,” ते तिला म्हणाले. “नीट बघितलं होतं.”