उकिरड्याचे पाय

"निजामाची हकीम हायस का तू? पाय फाकलेलं पिल्लू कधी जगलंय का?" सटवा शेळ्या सोडता सोडता ओरडला.

"बोलून झालं असंल तर पिल्लू धरा," कडूबाई म्हणाली.

कालच अंड्यातून निघालेलं ते पिल्लू बेडकासारखं पसरलं होतं. कडूबाईनं त्याच्या दोन्ही पायांना सुताची सैल बेडी घातली आणि पाण्यात बुडवलेलं बोट चोचीला लावलं.

"ह्याचं नाव उकिरड्या."

"कोंबडीच्या पोराचं बारसं? लोक हसतील."

"हसू द्या. माझ्या आदीची भावंडं गेलती. मीबी अशीच मरतुकडी. आईनं कडू म्हणून हाक मारली अन् मरणानं मला तोंड लावलं न्हाई. हेबी जगंल."

पाटोद्याच्या आठवडी बाजाराचा दिवस येईपर्यंत तिनं पिल्लाला चुलीच्या उबेला जपलं. मग दोरा सोडला. उकिरड्या उठला, चोचीवर आपटला, पुन्हा उठला आणि पाटलाच्या तोऱ्यात थेट सटवाच्या पायाशी गेला. कडूबाई तोंडावर पदर धरून हसली.

"आता सांगा कारभारी, कुणाचं खरं झालं?"

सटवानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि पिल्लू पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकत बाहेर पडला.