खळ्यावरची मोटारसायकल

मी माझ्या वहिनीला मोटारसायकलवरून पाडलं. भर दिवसा, कोरड्या डांबरी रस्त्यावर, समोर गाडी नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही, अशा वेळी पाडलं. त्या पडण्यानं ती गेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती गेली गेल्या महिन्यात, स्वतःच्या अंथरुणावर, सकाळचा चहा अर्धा पिऊन. सून वरच्या खोलीतून धावत खाली आली आणि म्हणाली, "मामंजी, मोठ्या आई उठत नाहीत." मी म्हणालो, "उठवू नकोस, रागावेल." असं बोललो खरं... आणि मग जिना चढायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर आठवडाभर माणसं भेटायला येत होती. सोलापुरात आमचं चादरींचं जुनं दुकान, त्यामुळं ओळखीपाळखी पुष्कळ. जो येईल तो सतरंजीवर बसायचा, सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, "त्यागाची मूर्ती होत्या हो नीलाबाई. बिचाऱ्यांनी सगळं आयुष्य घरासाठी घालवलं." मी आपला मान डोलवत होतो. शेवटी मान दुखायला लागली, म्हणून हे लिहायला बसलो आहे. वहिनीनं कसलाही त्याग केला नाही. तिला जे हवं होतं ते तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आणि ते सोडवायला आलेल्यांना दारातून परत पाठवलं. आणि 'बिचारी' म्हणाल तर तिच्यासमोर हा शब्द उच्चारायची छाती आमच्या घरात कुणाचीच नव्हती. आता ती ऐकायला नाही म्हणून लोकांना धीर आला आहे, एवढंच. (तिच्याशी बोलताना मी कायम अहो-जाहो करायचो. लिहिताना मात्र अगं-तुगंच येतंय. येऊ दे.)

माझा थोरला भाऊ लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तापानं गेला. वहिनी त्या वेळी जेमतेम बाविशीची. आमचे वडील, म्हणजे अप्पा, माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला माहेरी धाडलं नाही, कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. पण तिनं घरात बसावं, पूजा करावी, पापड लाटावेत, यापलीकडं त्यांची कल्पना जात नव्हती. वहिनीनं मात्र नर्सचा कोर्स केला. कसा केला, कुणाकुणाशी भांडून केला, ती वेगळी कथा आहे. पुढं तिला मंद्रूपच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली, तेव्हा अप्पांनी एकच अट घातली. दिवे लागायच्या आत घरी आलं पाहिजे. आता सकाळची एष्टी वेळेवर असायची, पण संध्याकाळची कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. मी त्या वेळी कॉलेज अर्धवट सोडून दुकानात गाद्यांवर लोळत होतो आणि दोन वर्षं मोटारसायकलसाठी अप्पांच्या मागं लागलो होतो. ही संधी मी सोडणार थोडीच? "वहिनीला आणायला-सोडायला पाहिजेच की, अप्पा!" असा मी कळवळा दाखवला. जुनी, दुसऱ्या हातची, पण मोटारसायकल आली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हँडलला झेंडूचा हार घातला. तो हार वाळून त्याची काडी झाली तरी मी काढला नव्हता. गाडी नवी दिसावी म्हणून.

चालवायला मी मित्राकडून एका सकाळी शिकलो होतो. एका सकाळी शिकलो, याचा मला अभिमान होता, यावरून काय ते ओळखा.

विजापूर रस्त्यानं जाणाऱ्यांना माहीत आहे, सुगीच्या दिवसांत शेतकरी तूर, हुलगे असलं पीक उपटून डांबरी रस्त्यावरच पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या एष्ट्या आणि ट्रक त्यावरून गेले की शेंगा आपोआप फुटतात. मळणी फुकट. मोठी गाडी त्यावरून बिनघोर जाते. मी माझ्या गाडीला मोठी गाडी समजत होतो. मंद्रूपच्या अलीकडं हुलग्याचे वेल पसरलेले दिसले. मागून वहिनी म्हणाली, "बसू, हळू." (बसू म्हणजे मी.) मी हळू करायच्या ऐवजी मान मागं वळवून म्हणालो, "वहिनी, तेवढीच त्यांची मळणी करून देऊ!" आणि त्याच वेगात वर गेलो. चाकाखाली हुलगे वळवळले, मी घाबरलो, उजव्या मुठीत होता तो पुढचा ब्रेक सगळ्या ताकदीनं आवळला... आणि मोटारसायकल आमच्याखालून निघून गेली. आम्ही दोघं हुलग्यावर बसल्या बसल्या घसरत तिच्या मागं गेलो.

वहिनीचं कोपर सोललं, पांढरं पातळ गुडघ्यावर फाटलं. माझा तळहात खरचटला होता आणि मी आभाळाकडं बघत ओरडत होतो, "वहिनी, मी चाललो!" तिनं माझी नाडी धरली, डोळ्यांची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "कुठं जात नाहीस. ऊठ." एवढ्यात शेतातून एक म्हातारी धावत आली. मला वाटलं आम्हाला उचलायला आली. ती आम्हाला ओलांडून पुढं गेली आणि रस्त्याच्या कडेला बसून दाणे गोळा करायला लागली.

"आगं बया, समदं उधळलं की ह्या मुडद्यानं!"

मी म्हणालो, "आजी, इथं माणसं पडलीत."

"पडली की. मला काय डोळं न्हाईत? माणसं उठत्यात. माजं हुलगं कोण उठवायचं?"

तिचं नाव सोनाबाई. दुष्काळात तिची बैलजोडी गेली होती, म्हणून खळं असूनही ती हुलगे रस्त्यावर टाकून एष्टीची वाट बघत बसायची. हे सगळं वहिनीनं तिथंच, कोपरावरचं रक्त पुसता पुसता विचारून घेतलं. मी तोपर्यंत वाकलेला आरसा सरळ करत होतो.

घरी आल्यावर अप्पांनी कोपराची पट्टी बघितली. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. वहिनीला म्हणाले, "झालं एवढं पुरे. उद्यापासून दवाखाना बंद. घरात काय कमी आहे तुला?" आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. मी भिंतीला टेकून, माझं नाव यात येऊ नये अशी प्रार्थना करत. आमच्या घरात अप्पांनी 'बंद' म्हटलं की ते बंदच व्हायचं. वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "अप्पा, पाडलं ह्यानं. नोकरी माझी का सुटावी?"

अप्पांनी व्यापारात कितीतरी जणांना गप्प केलं होतं, तोच सूर त्यांनी इथं लावला. ते म्हणाले, "साकु, साकु." अप्पा चिडले की कानडीत शिरायचे. पुरे झालं, विषय संपला. पण वहिनीचा संपला नव्हता. "ह्याला नीट शिकू द्या. तोवर मी एष्टीनं जाते-येते. शिकला की तुम्ही स्वतः ह्याच्या मागं बसून मंद्रूपला या. तुम्ही पडलात तर त्याच दिवशी राजीनामा देते. नाही पडलात, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

अप्पा म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'नं वहिनीची नोकरी माझ्या मुठीत आली. त्याच मुठीत, जिनं ब्रेक आवळला होता. मी रात्रभर अंथरुणात मूठ उघडत-मिटत राहिलो, आणि वहिनी शांत झोपली.

रविवारी तिनं मला सोनाबाईच्या खळ्यावर नेलं. मला वाटलं माफी मागायला. तिनं सोनाबाईला सांगितलं, "आजी, तुमचे बैल नाहीत ना? हा मळून देईल." खळ्याच्या मधोमध खांब, भोवती जाड थर हुलग्याचा. त्या खांबाभोवती बैलासारखं, मोटारसायकलवर, पहिल्या गियरमध्ये गोल गोल फिरायचं. बैलाला निदान ते काम माहीत तरी असतं. मी पहिल्याच फेऱ्यात पडलो, मग दुसऱ्या बाजूला पडलो. सोनाबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. गाडीतून तेल गळतंय का ते वाकून बघायची आणि म्हणायची, "बैलानं श्यान टाकल्यालं चालतंय, पर तुजं त्याल नगं." मी पडलो की शिव्या द्यायचो, तर ती वहिनीला म्हणाली, "बैलाच्या तोंडाला मुसकं घालत्यात. ह्येला बी आणू का?" वहिनी एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. भाऊ गेल्यापासून तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

हसून झाल्यावर ती जवळ आली. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं, पण मला ती मागं बसून पुष्कळ दिवस बघत होती. "तू घाबरलास की हात आवळतोस, आणि हात आवळलास की पुढचं चाक अडतं. नव्या बाळंतिणीचंही असंच असतं. भीतीनं सगळं अंग आवळून धरते आणि स्वतःलाच त्रास करून घेते. पीक दिसलं की वर जायच्या आधीच वेग कमी कर. एकदा वर गेलास की हात मोकळे सोड, मान सरळ, मागं बघून बोलायचं नाही." एवढंच. ते शिकायला मला सोनाबाईचे सगळे हुलगे, शेजारच्याची अर्धी तूर आणि माझ्या दोन पँटी लागल्या. गावातली माणसं बांधावर बसून बघायची. कुणीतरी खांबाला घुंगरू बांधून ठेवले. मी मुकाट्यानं फिरत राहिलो. का? कारण मी थांबलो असतो तर ती उद्यापासून पापड लाटत बसली असती, आणि ते चित्र माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

शेवटी तो दिवस आला. वहिनी नेहमीच्या एष्टीनं पुढं गेली. कपाळाला विभूती लावून, धोतराचा सोगा कमरेला खोचून अप्पा मागं बसले आणि त्यांनी माझा खांदा असा धरला की आता सुटकाच नाही. गावाबाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अप्पा, घाबरू नका." ते म्हणाले, "समोर बघ." मग मंद्रूपच्या अलीकडं रस्ताभर तूर. आणि समोरून एष्टी. माझ्या बोटांना आपोआप ब्रेककडं जावंसं वाटलं... मी ती मोकळी सोडली. आधीच वेग कमी केला, कडेला झालो, एष्टी जाऊ दिली, आणि तुरीवरून आम्ही सरळ, सावकाश पलीकडं गेलो. शेंगा कुडकुड फुटत होत्या.

दवाखान्यासमोर मी गाडी उभी केली. मला वाटलं, वहिनी दारात वाट बघत उभी असेल. ती नव्हती. तिची नोकरी राहते की जाते ते ठरत होतं, आणि ती आत कुणाच्या तरी लेकराला टोचत होती. लेकरू किंचाळत होतं. ओसरीवर पोटुशा बायांची रांग. अप्पा जाऊन बाकावर टेकले. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली आणि काळजीनं विचारलं, "आजोबा, तुमाला काय व्हतंय?" अप्पा तिथंच बसून राहिले. आतून वहिनीचा आवाज येत होता, कुणाला दटावणारा, कुणाला धीर देणारा. घरात तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, हात पुसत. अप्पा उठले आणि म्हणाले, "नोकरी कर. हा चालवतोय ठीक. तू जा-ये ह्याच्याबरोबर." मग धोतर झटकून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी मात्र एष्टीनं जातो."

निवृत्त होईपर्यंत तिनं ती नोकरी केली. अधूनमधून कुणीतरी 'आता पुरे' म्हणून बघायचं, आणि तसंच परत जायचं. त्यागाची मूर्ती म्हणणाऱ्यांनी यातला त्याग मला शोधून दाखवावा.

परवा मंद्रूपहून एक टेम्पो भरून बायका आल्या. त्यांनी सतरंजीवर बसून सुस्कारे सोडले नाहीत. त्या थेट जिना चढून तिच्या खोलीत गेल्या आणि तिच्या कॉटभोवती जमिनीवर दाटीवाटीनं बसून मोठमोठ्यानं बोलायला लागल्या. कुणाचं बाळंतपण पावसात झालं, कुणाचं बैलगाडीत. खोली तिच्या दवाखान्यासारखी गजबजली. मी दारात उभा होतो. त्यांतल्या एका पिकल्या केसांच्या बाईनं विचारलं, "तुमी कोन?" माझी छाती जरा पुढं आली. म्हणालो, "मी त्यांचा दीर. रोज मोटारसायकलवरून मीच तर आणायचो त्यांना."

ती बाई बाकीच्यांना कोपर मारून म्हणाली, "ह्येच गं त्ये!" आणि माझ्याकडं वळली. "थोरल्या पोराच्या टायमाला मी लई भ्याले व्हते. मरते म्हनून रडत व्हते. तर बाई मला म्हनल्या, 'आगं, मी रोज दिराच्या मागं मोटारसायकलवर बसती, तरी जित्ती हाय. तुला कशाचं भ्या?'"