एका खोलीतला काडीमोड

माझा थोरला भाऊ गावी, खरवईला वारला. त्याच दिवशी आमच्या घरातल्या काडीमोडाची गोष्ट निघाली.

प्रेत उचलायच्या आधी बायकांनी वहिनीला मोरीपाशी बसवलं. माझ्या चुलतीने दगड घेतला आणि तिच्या दोन्ही मनगटांवरच्या बांगड्या फोडल्या. आमच्यात रीतच आहे ती, लहानपणापासून बघत आलोय. वहिनीच्या हाताला काच लागली, रक्त आलं, तरी कोणी थांबलं नाही. माझी बायको तिला मागून धरून बसली होती.

विठ्ठलवाडीला खोलीवर आलो, आंघोळी झाल्या. मग बायको म्हणाली, "मला सोडचिठ्ठी पाहिजे."

तसं आमचं आधीच तुटलेलं होतं. मुलीने आपल्या मनाने परजातीत लग्न केलं. ही त्या लग्नाला गेली, मी गेलो नाही. ती परत येईपर्यंत मी बाजारातून दुसरी शेगडी आणून ठेवली होती. तेव्हापासून एका खोलीत दोन चुली. ओट्याचा खिडकीकडचा भाग तिचा, नळाकडचा माझा. बोलणं कामापुरतं. मुलीच्या बाबतीत मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. हिलाही आपलं चुकलं असं वाटत नाही.

मी म्हणालो, आपण वेगळे आहोतच, आता आणखी काय तोडायचं राहिलंय?

"तुम्ही गेल्यावर त्या बायका माझे हात धरणार," ती म्हणाली. "ज्या माणसाला मी इतकी वर्षं ताट वाढलं नाही, त्याच्यासाठी मी का फोडून घेऊ? परकरात होते तेव्हापासून बांगड्या घालतेय मी. त्या काय तुम्ही दिल्यात?"

"मी सांगून ठेवतो सगळ्यांना."

"जिवंतपणी तुमचं कोणी ऐकत नाही. मेल्यावर ऐकतील?"

कोर्टाचा कागद झाला की मी तुमच्या घरची कोणी नाही, आणि परक्या बाईच्या हाताला हात लावायची कोणाची छाती होणार नाही, असं तिचं म्हणणं. सकाळी म्हणालो, चल.

मुलीने फोनवर तिच्या ओळखीचा वकील सुचवला. मी नको म्हणालो. चौथीच शिकलो, अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा कापण्यात जन्म गेला, पण माझ्या घरातली गोष्ट काळ्या कोटाने चारचौघांत सांगावी एवढा मी मोडलेलो नाही. अंतरपाट धरला तेव्हा आम्ही दोघंच समोरासमोर होतो. सोडवतानाही दोघं पुरे.

कोर्टाबाहेर टाइप करून देणारा एक सिंधी होता. त्याने दोघांची आधार कार्डं बघितली आणि हात थांबवला. "चाचा, पता तो एक ही है." कायद्याला नवरा-बायको वर्षभर वेगळे राहिलेले लागतात, तेव्हा हिचा पत्ता मुलीच्या घरचा टाकू, असं तो म्हणाला. मी म्हटलं, खोटं लिहायचं नाही. एक खोली, दोन चुली, असंच लिही. खोली पुढेही दोघांची राहील, तेही लिही. तो हसायला लागला. "चाचा, तलाक लेने आए हो या राशन कार्ड बनवाने?" हिला तिथेही हसू आलं. मला नाही आलं.

तारखेला पुकारा झाला. आम्ही एकाच बाकावरून उठलो. कारकुनाने वकील कुठाय विचारलं, मी म्हटलं, आमचं आम्हीच. न्यायाधीश बाईंनी अर्ज वाचला आणि तो सिंधी म्हणाला होता तेच विचारलं. एका छताखाली राहता, मग वेगळे कसे? मी सांगितलं, आमच्याकडे चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं. हे भावाभावांत होतं, बाईंनी म्हटलं, नवरा-बायकोत कसं धरायचं? माझ्या हट्टापायी आता अर्ज फेकला जाणार असं वाटलं.

तेव्हा ही बोलली. "मॅडम, यांना मधुमेह आहे. पण सकाळी हे काय खाऊन निघाले ते मला माहीत नाही. याच्याहून वेगळं कसं राहतात?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. अर्ज ठेवून घेतला. विचार करायला सहा महिने दिले.

विचार केला मी. माणूस गेला की घरातल्या एका बाईचं कपाळ उघडं पडतं, त्यावरून गावाला कळतं की कोणीतरी गेला. माझ्या मागे तेही होणार नाही. मी कधी नव्हतोच असं होईल. हे मी तिला बोललो नाही. तीही नळाकडे न बघता आपली भाकरी थापत राहिली.

पुढच्या तारखेला बाईंनी विचारलं, संमती स्वखुशीने देताय ना? ही हो म्हणाली. मी म्हणालो, "खुशी नाही, मॅडम. पण राजी आहे." कोणी जबरदस्ती केली का, असं बाईंनी विचारलं. नाही म्हणालो. झालं.

भावाच्या वर्षश्राद्धाला खरवईला गेलो तेव्हा हिने हुकुमाची नक्कल पिशवीत घेतली होती. पण ती दाखवणार कोणाला? दगड हातात घेणाऱ्या बायका काय कागद वाचून थांबतात? जेवणं झाल्यावर मी ओटीवर उभा राहिलो आणि पुतण्यांना, सुनांना, चुलतीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही आता माझी बायको नाही. कोर्टातून सुटलोय आम्ही. मी मेलो की हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही."

पुतण्यांनी माना खाली घातल्या. चुलती म्हणाली, "कागदाने कुठं नातं तुटतं रे?"

"कागदाने नाही काकी. मी माझ्या तोंडाने सांगतोय."

आतून वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. चुलती उठून पत्रावळी गोळा करायला लागली.

परत येताना रिक्षात ही माझ्या शेजारीच बसली. स्टेशन जवळ आल्यावर म्हणाली, "बोलताना आवाज कापत होता तुमचा."

मी म्हणालो, नव्हता कापत.