केडगावचे वीतभर राक्षस

राक्षस रंगवणाऱ्यांना कधी भीती वाटते का, असं लोक हसत हसत विचारतात. मग मी एक किस्सा सांगायला घेतो आणि त्याला धरून दुसरा येतोच.

बाहत्तरच्या आसपास केडगावात एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं होतो. गणपतीच्या आरासीसाठी वीतभर उंचीचे राक्षस, वेताळ करायचो. मी साच्यात प्लॅस्टर ओतायचो. बापू आणि मार्थाबाई रंगवायचे.

*

ब्रशचं टोक तोंडात घालून नीट करायची बापूंची सवय. एकदा पिवळा रंग संपला, म्हणून त्यांनी हरताळाची जुनी पूड घोटून घेतली. दुपारपर्यंत त्या पुडीनं राक्षसांचे डोळे रंगवले आणि बापू एकदम पोट धरून खाली बसले. ओठ पिवळे झालेले.

"अहो, ते विष हाय," मार्थाबाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत बापूंचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

बापू कसेबसे म्हणाले, "राक्षसाचे डोळे."

बापू वाचले. पण पुढं पिवळ्याची वाटी समोर आली की तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

*

मार्थाबाई एकदा खर्डा गावच्या गणपती मंडळाला माल द्यायला एस.टी.नं निघाल्या. मांडीवर टोपली. गाडी खड्ड्यात आदळली, फडकं सरकलं आणि शेजारणीच्या तापानं फणफणलेल्या लेकरासमोर एक राक्षस आ वासून उभा राहिला.

"करणीवाली हाय ही," मागून कुणीतरी म्हणालं. गाडी थांबली. बाईंना भर माळावर उतरवायला माणसं उठली.

"निस्ता रंग हाय हो," म्हणत बाईंनी थुंकी लावून राक्षसाचं तोंड पुसून दाखवलं. बोटं लालभडक झाली. गाडीत किंकाळीच उठली.

शेवटी कंडक्टरनं टोपली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "आता मला काय व्हायचं ते हुंद्या," म्हणाला आणि घंटी मारली. खर्डा येईपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

*

एकदा नागापूरकडून एक माणूस आपल्या लहान पुतणीला घेऊन आला. पोर कितीतरी दिवस बोलत नव्हती.

"कशाला तरी भ्यालीय. हिच्या आईचा हट्ट, हिला दिसतं ते रंगवून आणा, पुरून टाकू."

बापूंनी कोरा राक्षस घेतला. "कुठला रंग देऊ, बाळ?"

पोरगी वाट्यांकडं बोट दाखवायची. अंग सावळं. सदरा पांढरा. शिंगं मात्र तिला नको होती, सारखी मान हलवायची. बापूंनी चाकूनं शिंगं उडवली. मग सुळे. मग नखं.

तरी तिचं समाधान होईना. तिनं बापूंच्या हातातला ब्रश घेतला, हिरव्या रंगात बुडवला आणि राक्षसाच्या उजव्या हाताच्या बोटावर एक ठिपका दिला.

आम्ही तिघांनी वर पाहिलं. त्या माणसानं हिरव्या खड्याच्या अंगठीचा हात खिशात घातला.

मार्थाबाईंनी पोरीला उचलून मांडीवर घेतलं.

"हिच्या आईला घेऊन या," त्या म्हणाल्या. "तवर पोर हितंच राहील."